नियोजित शेठ

डोंबिवलीत ज्याचं दुकान खरोखर चालतं त्याला कुणी शेठ म्हणत नाही. किराणावाला 'भाई' असतो, इस्त्रीवाला 'भैया', आणि पोळी-भाजी केंद्र चालवणाऱ्या बाई साऱ्या गल्लीच्या 'काकू'. शेठ ही पदवी राखून ठेवलेली असते ती ज्यांचा धंदा अजून व्हायचा आहे अशा गृहस्थांसाठी. दर सोसायटीत असे एक असतातच. आमचे शेठ दुसऱ्या मजल्यावर राहतात, एका विमा कंपनीत नोकरी करतात, आणि धंद्यात उतरण्याच्या बेतात आहेत. हा बेत आम्ही राहायला आलो तेव्हाही होता.

त्यांच्याकडे गेलं की चहाच्या आधी फाईल येते. हिरवी, जाडजूड, कप्प्यांची. एका कप्प्यात अळिंबीची लागवड, दुसऱ्यात दुबईला कोकम सरबत, तिसऱ्यात भाड्याने दुर्बिणी (कुणाला, ते विचारू नये). प्रत्येक योजनेचे कागद इतके नेटके आहेत, की धंदा सुरू करून ते बिघडवणं कुणाच्याही जिवावर यावं. शेठच्या तर येतंच. योजना पूर्ण झाली की त्या धंद्यातला त्यांचा रस संपतो आणि नवा कप्पा उघडतो.

त्यातल्या त्यात लांब पोचला तो मालवणी मसाला.

मसाल्याची सुरुवात अर्थातच एक्सेलमध्ये झाली. २०११ च्या जनगणनेत कल्याण-डोंबिवली महापालिकेची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या घरात होती. शेठ म्हणाले, "आपण हाव धरायचीच नाही. फक्त एक टक्का लोक धरू." एक टक्का म्हणजे साडेबारा हजार माणसं. माणशी वर्षाला एक किलो. पाव किलोच्या पाकिटाचे दोनशे चाळीस धरले, तर वर्षाची उलाढाल एक कोटी वीस लाख. एक टक्का म्हटलं की माणसाला आपण फार नम्र आहोत असं वाटू लागतं; साडेबारा टन मसाला कांडायला लालबागच्या गिरण्यांना दुसरी कामं बंद ठेवावी लागतील, हे त्या नम्रतेत बुडून जातं.

मग नाव. नावावर एक पावसाळा गेला. आजीचं नाव, गावचं नाव, ग्रामदेवतेचं नाव, सगळी कुणी ना कुणी घेतलेली. ट्रेडमार्कमध्ये मसाले वर्ग ३० मध्ये येतात ही माहिती शेठनी मिळवली, आणि तेव्हापासून ते "आपला तिसावा वर्ग" असं आपुलकीने बोलू लागले. भाच्याने बोधचिन्ह काढून दिलं: मिरची, तिच्यातून उगवणारा सूर्य, आणि सूर्यात नारळ. कार्डं छापून आली. त्यावर शेठ 'संस्थापक व मुख्य कार्यकारी अधिकारी' झाले. मसाला अजून झाला नव्हता.

लोकलच्या ग्रुपमध्ये कुणी याची आठवण करून दिली, की शेठ किर्लोस्करांवर येतात. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलींच्या दुकानापासून सुरुवात केली, लोखंडी नांगर बनवला, पण लोखंडाने जमीन नासेल या भीतीने शेतकरी घेईनात. पहिला नांगर खपायला दोन वर्षं गेली असं सांगतात. "बघा! दोन वर्षं एक नांगर गेला नाही!" एवढं बोलून शेठ गोष्ट तिथेच थांबवतात. पुढे किर्लोस्करवाडी उभी राहिली याच्याशी त्यांना कर्तव्य नाही. आणि लक्ष्मणरावांचे नांगर निदान बनून तयार होते, हे ठाण्यापर्यंत कुणी म्हणत नाही, कारण शेठ चौथी सीट देतात.

खरा धक्का त्यांना सरकारने दिला. सरकार आडवं येणार हे शेठनी गृहीत धरलं होतं. खेटे, शिक्के, टेबलाखालचे पैसे, या सगळ्याची त्यांनी मानसिक तयारी केली होती. 'मराठी माणसाला धंदा करू देत नाहीत' हे भाषणही पाठ होतं. पण उद्यम नोंदणी फुकट निघाली. आधार, पॅन आणि आपणच दिलेली माहिती, बस्स. एकही कागद जोडायचा नाही. चहा निवायच्या आत शेठ सूक्ष्म उद्योजक झाले आणि दिवसभर गप्प होते. अडवायला कुणीच नाही म्हटल्यावर माणसाने करायचं काय?

पण ते सावरले. १ एप्रिल २०२५ पासून सूक्ष्म उद्योगाची उलाढालीची मर्यादा पाच कोटींवरून दहा कोटी झाली आहे. शेठनी हिशेब केला: दर वर्षी धंदा दीडपट वाढला तर सातव्या वर्षी आपण दहा कोटींच्या वर जातो. मग सूक्ष्मचे फायदे जाणार! त्याआधी जीएसटीची चाळीस लाखांची रेषा, त्याच्याही आधी अन्नसुरक्षा नोंदणीची तेव्हाची बारा लाखांची. या रेषा ओलांडल्यावर काय होईल, या चिंतेने त्यांना झोप लागेना. त्या महिन्याची उलाढाल शून्य होती, पण काळजीला चालू खातं लागत नाही.

बँकेत गेले ते मुद्रा कर्जासाठी. मुद्रामध्ये पन्नास हजारांपर्यंत 'शिशू', पाच लाखांपर्यंत 'किशोर' आणि दहा लाखांपर्यंत 'तरुण' असे गट आहेत. अठ्ठावन्नाव्या वर्षी शेठनी तरुणचा अर्ज भरला. मॅनेजर बाईंनी प्रकल्प अहवाल शेवटपर्यंत वाचला (असा प्रसंग अहवालांच्या वाट्याला क्वचित येतो) आणि विचारलं, "आजवर किती विकलंत?" शेठ म्हणाले, "ते पान चौदावर आहे, अपेक्षित विक्री." बाई म्हणाल्या, "काका, तुम्ही शिशूमध्ये बसाल." शेठ अर्ज परत घेऊन आले.

घरी खरी जाणकार वहिनी. दर उन्हाळ्यात त्या घरापुरता मसाला करतात आणि त्याचा वास आला की चौथा मजलाही भात टाकतो. शेठनी त्यांना 'उत्पादन प्रमुख' हे पद देऊ केलं. वहिनींनी एक्सेल पाहिलं. मिरची होती, धणे, खसखस, दगडफूल, मसाला वेलची, चक्रीफूल, हळकुंडं, हिंग, पाकिटं, लेबल, सगळं होतं. त्यांनी एकच विचारलं, "देठं कोण खुडणार?"

देठांचा रकाना नव्हता. देठं खुडल्यावर, वाळवल्यावर, भाजल्यावर मिरचीचं वजन उतरतं, त्याचाही नव्हता. आणि सगळ्यात मोठा रकाना गाळला होता तो खेळत्या भांडवलाचा. वर्षभराची मिरची मार्च-एप्रिलमध्ये रोखीने भरायची आणि ती पाव-पाव किलोने पुढच्या मार्चपर्यंत विकायची. मधले महिने पैसा पाकिटांत अडकून पडतो. मसाल्याच्या धंद्यात माणसं इथेच बसतात. वहिनींनी हे सगळं भाजी निवडता निवडता सांगितलं, आणि वर पद नाकारलं. "माझ्या पाच किलोला हात लावायचा नाही," ही एकमेव अट.

तेव्हा शेठ स्वतः लालबागला गेले. मिरची गल्लीत बेडगी घेतली रंगाला, संकेश्वरी तिखटाला. तिथेच देठं खुडून, भाजून, डोळ्यांदेखत कांडून घेतलं. दहा किलो गरमागरम मसाला पिशव्यांत भरून संध्याकाळच्या लोकलने निघाले. करी रोडपासूनच डबा शिंकू लागला. कुर्ल्याला एका माणसाने डोळे पुसत विचारलं, "काय वास आहे हो! कुठून घेतलात?" चाळीस पाकिटांचा माल मांडीवर, खिशात मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याची कार्डं, आणि समोर गिऱ्हाईक आपण होऊन विचारतंय. शेठनी त्याला लालबागच्या दुकानाचा पत्ता दिला. नंबरही दिला. "माझं नाव सांगा, चांगला करून देईल."

दहा पाकिटं त्यांनी कोपऱ्यावरच्या किराणावाल्या भाईंकडे ठेवली. वीस टक्के भाईंचे, पैसे माल खपल्यावर. माल खपला. भाईंकडून १,९२० रुपये येणं झालं. शेठ दर रविवारी वसुलीला जातात. भाईंच्या गुडघ्याची चौकशी करतात, पावसाबद्दल बोलतात, नुसतं कसं परतायचं म्हणून अर्धा किलो साबुदाणा घेतात आणि त्याचे पैसे रोख देऊन येतात. फाईलमध्ये २००६ चा सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योग विकास कायदा आहे. छोट्या उत्पादकाचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत द्यावे लागतात, हे कलम पिवळ्या रंगाने अधोरेखित आहे. पंचेचाळिसाव्या दिवशी शेठ कायद्याची प्रत घेऊनच निघाले. परत आले ते पोह्यांचं पुडकं त्याच प्रतीत बांधून. भाईंची चूक नाही. मागितले असते तर गल्ल्यातून लगेच काढून दिले असते.

दिवाळीआधी शाळेच्या मैदानावर ग्राहक पेठ भरली, तिथे मी त्यांच्या टेबलाशी तासभर उभा होतो. पाकिटावर चौदा आकडी अन्नसुरक्षा क्रमांक, वजन, तारीख, सगळं नियमाप्रमाणे. किंमतही छापलेली, पण ती बाजू शेठनी मागे फिरवून ठेवलेली. एक बाई आल्या. वास घेतला, खूश झाल्या.

"कसा दिला?"

"यात बेडगी आणि संकेश्वरी दोन्ही आहेत."

"हो, पण कसा?"

"कांडलेला आहे ताई, दळलेला नाही. मालवणात आमची आजी—"

"किती द्यायचे?"

"आधी वापरून तर बघा! पैसे काय, कुठे जातात?"

बाईंना हा माणूस काहीतरी लपवतोय असं वाटलं असावं. त्या शेजारच्या टेबलाकडे सरकल्या. तिथल्या मावशींनी मान वर न करता सांगितलं, "पाव किलो अडीचशे, दोन घेतलीत तर चारशे ऐंशी, पिशवीचे पाच." दुपारपर्यंत मावशींचं टेबल रिकामं झालं. शेठची सहा पाकिटं गेली होती. त्यातली चार नातेवाइकांना, भेट म्हणून.

शेठचं घोडं भांडवलावर अडलेलं नाही, बाजारावर नाही, मसाल्यावर तर नाहीच, तो फर्मास आहे. अडलंय ते तीन शब्दांवर: 'दोनशे चाळीस झाले.' आपल्या पगारदार घरांत हे वाक्य लहानपणापासून तोंडातच विरघळवायला शिकवतात. पगार न मागता एक तारखेला खात्यात येतो, आणि पैशाचं तोंडाने बोलणं म्हणजे हलकेपणा. शेठ तर विमा कंपनीतही दावे विभागात, म्हणजे जन्मभर दुसऱ्याला पैसे देण्याच्या खात्यात. हप्ते मागायला एजंट असत. मागण्याचं वाक्य टाळता यावं म्हणूनच त्यांना बोधचिन्ह लागतं, तिसावा वर्ग लागतो, सातव्या वर्षाचे दहा कोटी लागतात.

ग्राहक पेठेनंतर त्यांना उपाय सापडला. चहाच्या टपरीवर त्यांनी तो बोलका डबा पाहिला: गिऱ्हाइकाने फोनवरून पैसे दिले की मराठीत मोठ्याने रक्कम सांगणारा. शेठ हरखले. रक्कम उच्चारायला परस्पर माणूस मिळाला! लगेच नोंदणी केली. यंत्र घेऊन एक मुलगा आला, विशीतला, पाठीवर सॅक. त्याने एक रुपया पाठवून दाखवला. डबा खणखणीत बोलला. शेठनी पुन्हा एकदा बोलवून घेतला. मग आवाज खाली आणून विचारलं, "हा पैसे आल्यावर बोलतो. येण्याच्या आधी बोलणारा आहे का तुमच्याकडे?"

"आधी आपणच बोलायचं असतं काका," मुलगा वायर गुंडाळत म्हणाला. "आता हेच बघा ना. महिन्याचे सव्वाशे, बसवायचे शंभर वेगळे. रोख देताय की स्कॅन करताय?"