भोकरचा कापूस, बोर्नाचा न्याय

जर्मनीत १ जानेवारी २०२३ पासून पुरवठा साखळीचा कायदा लागू झाला. आपल्या मालामागे कुणाचे हक्क तुडवले जात नाहीत ना, हे मोठ्या कंपनीनं बघायचं. चुकलीच, तर बड्यांना वार्षिक उलाढालीच्या २ टक्क्यांपर्यंत दंड. उत्तम! कंपनीनं प्रश्नावली तिरुपूरच्या कपडेवाल्याकडे सरकवली, त्यानं सूतगिरणीकडे, अन् ती येऊन पडली भोकरच्या जिनिंगात. बालकामगार? नाहीत. कामाचे तास? आठ. रुईच्या धुळीत तोंडाला मास्क? मुनीमजींनी एका दमात सगळीकडे बरोबरच्या खुणा केल्या. 'या सगळ्यासाठी भाव किती वाढवून हवा?' हा रकाना मात्र छापायचा राहिला असावा.

सगळा भार पुरवठादारावर ढकलू नका, असं तिथलं सरकारी कार्यालय म्हणतं खरं. पण ऑर्डर तोडली तर? बोर्ना गावी हे कार्यालय तक्रार घेतं. ती हक्क डावललेल्या माणसाची, बुडालेल्या बिलाची नव्हे. या कायद्यातून भरपाईचा नवा दावा उभा राहत नाही, हे कलम ३ मध्ये स्वच्छ लिहिलंय. लातूरच्या आडतीत पट्टी थकली, तर निदान बाजार समितीत जाऊन आरडाओरडा तरी करता येतो. बोर्नाला ओरडायला आधी व्हिसा लागतो.