चिकटते का पाह्य

आमच्या शेजारच्या काकाजींच्या सदऱ्याच्या खिशात पेन नसतं, चुंबक असतं. जुन्या रेडिओच्या स्पीकरमधून काढलेली काळी, जड चकती. तिच्या वजनानं खिसा कायम ओघळलेला आणि बाहेरून दोन-तीन टाचण्या कापडाला लोंबकळलेल्या. कुठलीही नवी वस्तू दिसली की काकाजी आधी चुंबक लावतात, किंमत मागून विचारतात. मी नवी दुचाकी घेतली तेव्हा पेढा तोंडात टाकत त्यांनी तिच्या अंगावरून चुंबक फिरवलं. "अरे, हे तं अर्धं प्लास्टिक हाये राजा!" पेढा मात्र दुसराही घेतला.

नोकरी सारी मनसरकडे मँगनीजच्या खाणीत गेली. मँगनीज चुंबकाला दाद देत नाही, असं कुणी शहाणपणानं म्हणायचा अवकाश, काकाजी शोकेस उघडतात. गणपती आणि नातवाची ढाल यांच्यामध्ये एक काळा दगड ठेवलेला आहे, बेलडोंगरीचा. गेल्या शतकाच्या सुरुवातीला फर्मर नावाच्या इंग्रज भूवैज्ञानिकानं त्याला आपल्या सहकाऱ्याच्या नावावरून व्रेडेनबर्गाइट म्हटलं. आहे मँगनीजचाच, पण त्यात लोखंड असं मुरलंय की चुंबक जवळ नेलं की टपकन चिकटतो. "आपल्या नागपूर जिल्ह्याचा हाये बाप्पा, विलायतेचा नाही." त्यांच्या घरी पाहुण्याला आधी दगड मिळतो, चहा नंतर.

मे महिन्यात मी एकदा म्हणालो, "काकाजी, एवढ्या उन्हात चुंबक उतरत नाही का?" ते खूश झाले. असा प्रश्न विचारणारे लोक राहिले नाहीत, असं त्यांचं मत आहे. "लोखंडाचं चुंबकत्व जायला 770 अंश लागतात. आपलं नागपूर अजून सत्तेचाळीसवर अडकून राह्यलं."

सहलीलाही हेच. लोक अलिबागला समुद्र पाहायला जातात. काकाजी वेधशाळा पाहायला गेले. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांनी कुलाब्याच्या नाजूक नोंदी बिघडणार, म्हणून पृथ्वीचं चुंबकत्व मोजायचं काम 1904 साली तिथं हलवलं होतं. त्या दिवशी त्यांनी आपली चकती मुद्दाम लॉजवर ठेवली. कुंपणाबाहेरूनच पाहायचं होतं, तरीही. "उगाच आपल्यामुळं पृथ्वीची नोंद चुकायची!"

मग एकदा नातवाच्या हातून ती चकती पडली आणि दोन तुकडे झाले. नातू रडायला लागला. काकाजींनी त्याला मांडीवर घेतलं. "रडतो काऊन? एकाची दोन झाली. एका तुकड्याले उत्तर ध्रुव अन् दुसऱ्याले दक्षिण, असं होत नाही. दोघांकडंही दोन्ही राह्यतात. घराची वाटणी होते रे, चुंबकाची नाही होत." भावाशी घराच्या वाटणीवरून अकरा वर्षं बोलणं बंद असलेला माणूस हे म्हणतो, तेव्हा आपण गप्प बसावं. एक तुकडा खिशात परत गेला, दुसरा काकूंनी फ्रिजवर दुधाचा हिशेब अडकवायला घेतला.

पण त्यांची खरी हुकूमत चालते ती इतवारीतल्या भांड्यांच्या दुकानांत. तीस वर्षं एकच नियम: चिकटलं की परत. "आठ टक्क्यांच्या आसपास निकेल पाहिजे, तवा स्टील चिकटत नाही." आता गंमत अशी की निकेल स्वतः चुंबकाला चिकटतं. काकाजींकडं 1947 चा वाघाचा रुपया आहे, शुद्ध निकेलचा. तो पटकन चिकटतो. तेच निकेल पोलादात पुरेसं गेलं की लोखंडालाही चुंबकापासून फोडतं. "संगतीचा परिणाम," काकाजी म्हणतात आणि का कोण जाणे, माझ्याकडं पाहतात. लग्नात रुखवत मांडलेलं असलं की यांना त्या खोलीपासून दूर बसवावं लागतं. एकदा नाही जमलं. नवरीच्या मामांनी दिलेला डबा भर मांडवात खिशाला चिकटला.

यंदाच्या दिवाळीत पुण्याच्या मुलानं इंडक्शनची शेगडी पाठवली. काकूंनी हौसेनं दुधाचं पातेलं ठेवलं. शेगडी नुसती टुकटुक करत राहिली. दुसरं ठेवलं, तिसरं ठेवलं. अख्खी मांडणी झाली. ही शेगडी तळातल्या लोखंडाला चुंबकाच्या जोरावर तापवते; ज्या बुडाला चुंबक चिकटत नाही, ते तिला मुळी भांडंच वाटत नाही. आणि या घरात तीस वर्षांत एकही चिकटणारं भांडं शिरू दिलेलं नव्हतं.

काकूंनी एक शब्द काढला नाही. फ्रिजवरचा तुकडा काढला, पर्समध्ये टाकला आणि पायात चपला घातल्या. पिशवी धरायला काकाजी मागं.

दुकानदारानं लांबूनच ओळखलं. "या काकाजी! तुमच्यासाठी खास माल ठेवला. बिलकूल नाही चिकटत!"

"ते राहू द्या," काकू म्हणाल्या. "चिकटणारं दाखवा."

काकाजी वर पंख्याकडं पाहत होते.