उठा, आमदार आले!

महाराष्ट्र शासनाने 20 नोव्हेंबर 2025 रोजी शासन निर्णय काढून आदराचा प्रश्न मार्गी लावला. आमदार-खासदार कार्यालयात आले की अधिकाऱ्याने उठून अभिवादन करायचे, ते निघाले की पुन्हा उठायचे. त्यांचे म्हणणे लक्षपूर्वक ऐकायचे, फोनवर नम्र बोलायचे. हयगय केल्यास शिस्तभंगाची कारवाई. आजी नुसते डोळे वटारून जे शिकवायची, ते आता जावक क्रमांकासह मिळू लागले.

आमदार-खासदारांच्या पत्राला उत्तर द्यायला मात्र दोन महिन्यांची मुदत. उठायचे तत्काळ, लिहायचे सवडीने.

साध्या माणसाने खिडकीपुढे कसे वागावे, हे वेगळे सांगायची गरज पडत नाही. तो सकाळपासून उभाच असतो. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी आलेल्या म्हातारीला आधी 'सर्व्हर डाऊन', मग 'साहेब फिल्डवर' आणि शेवटी 'सोमवारी या' असा त्रिस्तरीय प्रतिसाद मिळतो. तिच्या बाजूने 2015 चा लोकसेवा हक्क कायदा आहे. मुदतीत सेवा न देणाऱ्या अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपये दंडाची तरतूदही आहे. 'आपली सेवा आमचे कर्तव्य' हे ब्रीदवाक्यही आहे. म्हातारीकडे चष्मा नसतो, हा तिचा दोष.

केरळात गंगा उलटी वाहते. कोझिकोडच्या मिठाई तेरुवु बाजारातल्या विक्रेत्या दिवसभर उभ्या असत. गिऱ्हाईक नसले तरी टेकायची सोय नव्हती. त्या संघटित झाल्या, भांडल्या, आणि 2018 मध्ये तिथल्या दुकानांच्या कायद्यात बसण्याचा हक्क आला. तमिळनाडूने 2021 मध्ये तोच कित्ता गिरवला. तिकडे उभ्या बायकांना बसवायला कायदा लागला, इकडे बसलेल्या साहेबांना उठवायला शासन निर्णय. ज्याच्या ढुंगणाखाली सरकारी खुर्ची, त्याच्या गुडघ्यांची काळजीही सरकारलाच.

उठण्याच्या या शास्त्रातला खरा जाणकार मात्र साहेबांच्या दाराबाहेर स्टुलावर बसतो. शिपाई आमदारांसाठी उठतो, साहेबांसाठी उठतो, आमदारांच्या पीएसाठी उठतो, ठेकेदारासाठी तर जरा लवकरच उठतो. त्याला कधी परिपत्रक लागले नाही. निवृत्तीला आलेल्या या माणसाला पंचविशीतला नवा साहेब 'ए, पाणी आण' म्हणतो. पाणी येते. नवा साहेब मान वर न करता शासन निर्णयाची प्रत वाचत असतो. 'नम्रपणे' या शब्दाखाली त्याने पेन्सिलीने रेघ मारलेली असते.