माद्रेच्या नावानं

स्पॅनिशच्या पहिल्याच धड्यात ‘माद्रे’ म्हणजे आई हे कळतं. प्रस्तुत लेखकाला तेवढ्यावर थांबणं कमीपणाचं वाटलं. लॅटिन ‘मातेर’, संस्कृत ‘मातृ’ आणि ‘माद्रे’ या एकाच घराण्यातल्या, ही माहिती तो लग्नाच्या पंगतीत जिलबी वाढणाऱ्याला थांबवून देऊ लागला. जिलबी पुढच्या पानावर जायची. विद्वत्तेसाठी एवढा त्याग त्याला मंजूर होता.

मेक्सिकोच्या बोलीने मात्र या घराण्याची अब्रूच काढली. ‘पाद्रे’ म्हणजे बाप, आणि तिथे ‘के पाद्रे!’ म्हणजे ‘काय भारी!’ आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आलेला पाद्री याच शब्दातला, पण त्याला कुणी कधी भारी म्हटल्याचं ऐकिवात नाही. बापाचा असा थाट, आणि आई? ‘मे वाले माद्रे’ म्हणजे मला काडीचीही पर्वा नाही. ‘नी माद्रेस’ म्हणजे मुळीच नाही. ‘माद्रासो’ म्हणजे सणसणीत ठोसा, ‘देसमाद्रे’ म्हणजे सावळागोंधळ. नाव आठवेना अशी कुठलीही वस्तू ‘एसा माद्रे’.

लेखकाचा जीव अडकला तो ‘पोका माद्रे’त. शब्दशः, थोडीशी आई. ‘के पोका माद्रे!’ म्हटलं तर समोरचा निर्लज्ज ठरतो. ‘दे पोका माद्रे’ म्हटलं तर तीच गोष्ट फक्कड. ‘आ तोदा माद्रे’, म्हणजे सगळीच्या सगळी आई, तीही फक्कड! आई थोडी असो की पुरेपूर, कौतुक होतं. शिवी ठरते की शाबासकी, ते ‘दे’ या टीचभर अव्ययावर. लेखकाने याचा तक्ताच केला आहे. आडव्या रांगेत आईचं प्रमाण, उभ्या रांगेत बोलणाऱ्याचा राग. पाहुण्यांना तो चहाच्या आधी दाखवला जातो. घरच्यांना नेमकी तेव्हाच बिस्किटं संपल्याची आठवण होते.

या सगळ्यामुळे मेक्सिकोतली जपून बोलणारी माणसं दुसऱ्याच्या आईची चौकशी ‘मामा’ म्हणून करतात. मराठी माणूस मामांची खुशाली सांगून मोकळा होईल. पण उठताबसता ‘आयला’ म्हणणाऱ्यांनी त्यांना फार हसू नये.

कारण याच मेक्सिकोत १० मे हा आईचा दिवस. ‘एक्सेल्सिओर’ या दैनिकाच्या पुढाकाराने १९२२ साली सुरू झालेला. वार कुठलाही असो, तारीख हलत नाही. राजधानीत १९४९ साली आईचं स्मारकही उभं राहिलं. अलीकडच्या वर्षांत बेपत्ता मुलांच्या आया याच दिवशी मोर्चा काढतात, छातीशी मुलांचे फोटो धरून. सरकारी नोंदीतच बेपत्तांचा आकडा लाखावर गेला आहे. यंत्रणा हलत नाही म्हणून या बायका स्वतःच फावडी घेऊन माळरानं खणतात. त्यांना ‘माद्रेस बुस्कादोरास’ म्हणतात, शोध घेणाऱ्या आया. त्यांच्या अर्जांना मिळणारं उत्तर सौम्य सरकारी भाषेत असतं. अर्थ बहुतेकदा ‘मे वाले माद्रे’ हाच.

तक्ता समजावताना लेखक हे सांगत नाही. कुणी खोदून विचारलंच, तर तो घाईघाईने पाद्रेकडे वळतो.