रुसवेफुगवे आणि एक रफार

काम करता करता बंद पडणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दल राग येतो, पण त्याच्याशी थोडंफार पटवून घेता येतं. बिचाऱ्यानं निदान तासभर तरी राबून दाखवलेलं असतं. पण आपण दोनदा क्लिक करावं, पडद्यावर त्याचं रंगीत चित्र उमटावं, चित्राच्या पायथ्याशी बारीक अक्षरांत काहीतरी लोड होत असल्याच्या ओळी सरकू लागाव्यात, आणि पुढच्याच क्षणी मागचा डेस्कटॉप जसाच्या तसा समोर यावा, याला काय म्हणायचं? चूक झाली असा निरोप नाही, आवाज नाही, काही नाही. आपण क्लिक केलं होतं की नाही अशी आपल्यालाच शंका यावी, इतक्या सफाईनं गायब!

आमच्याकडे, म्हणजे न्यूझीलंडच्या ऑकलंडमधल्या ओटाहुहूत, हे घडलं ते गणपतीच्या तोंडावर. नेमकं कुठलं सॉफ्टवेअर ते सांगत नाही. त्याचीही कंपनी आहे, कंपनीला वकील आहेत. डिझाइनचं होतं, एवढं पुरे.

बॅनर हा ओटाहुहूचा कुलाचार आहे. ग्रेट साउथ रोडवरून चालत गेलात तर चर्चचे बॅनर, शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचे बॅनर, कुणाच्या एकविसाव्या वाढदिवसाचे, कुणाच्या अंत्ययात्रेचे, सामोअन आजीच्या सगळ्या नातवंडांना एकत्र आणणाऱ्या मेळाव्याचे. २०१७ च्या रग्बी लीग विश्वचषकात टोंगाचा संघ जिंकत सुटला तेव्हा हा अख्खा रस्ता लाल झेंड्यांखाली दिसेनासा झाला होता. अशा गावात मराठी मंडळाचा गणपती बॅनरशिवाय बसवायचा म्हणजे गावाचाच अपमान. आमचा बॅनर छापणारे गृहस्थ मूळचे फिजीचे. ते फिजी हिंदीत बोलतात, मी मुंबईच्या हिंदीत. दोघांनाही समोरचा चुकीची हिंदी बोलतो असं वाटतं, त्यामुळे संबंध अत्यंत सलोख्याचे आहेत. त्यांचा नियम एकच: फाईल शुक्रवारी दुपारपर्यंत, नाहीतर आधी चर्चची कामं.

सॉफ्टवेअर उघडत नाही, ही बातमी मी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. तापाची बातमी टाकली असती तर दोघांनी काढा सुचवला असता आणि बाकीच्यांनी हात जोडले असते. इथे मात्र प्रत्येक घरात एक तरी आयटीवाला. मशीन बंद करून चालू करा. अनइन्स्टॉल करून परत टाका. अँटिव्हायरस बंद करा. अँटिव्हायरस नवीन घ्या. एका काकूंनी लिहिलं की त्यांच्या फोनवर व्यवस्थित उघडतंय. ते उघडत होतं ते भलतंच ॲप होतं, पण काकूंच्या पोस्टला सगळ्यात जास्त अंगठे मिळाले.

ग्राफिक्स कार्डावर संशय घेणारे एक गृहस्थ अधिक आग्रही निघाले. सीपीयू घेऊन माझ्याकडे ये, म्हणाले, माझ्या मॉनिटरवर लावून बघू. गाडी बायको घेऊन गेलेली. म्हणून मी तो डबा पोटाशी धरून पोर्टेज रोडनं निघालो. हा रस्ता आहे तिथून पूर्वी माओरी लोक आपल्या वाका, म्हणजे होड्या, जमिनीवरून ओढत नेत. एका अंगाला टामाकी नदी, तिच्या पुढे पॅसिफिक. दुसऱ्या अंगाला मानुकाऊ बंदर, त्याच्या पुढे टास्मान समुद्र. आणि मधे जमीन जेमतेम सव्वा किलोमीटर. नाहीतर देशाच्या उत्तर टोकाला वळसा घालून शेकडो किलोमीटर वल्हवत बसा. त्यांच्या होड्या पलीकडच्या पाण्यात पडल्या की चालू लागत. माझा डबा पलीकडच्या मॉनिटरवरही तसाच, रंगीत चित्र दाखवून गप्प. फक्त ते चित्र तिथे दोन इंच मोठं दिसलं.

शेवटी पुण्यातल्या भाच्याला फोन केला. तो अप्पा बळवंत चौकाजवळ लग्नपत्रिका आणि फ्लेक्सचं काम करतो. या दिवसांत आम्ही भारताच्या साडेसहा तास पुढे असतो, त्यामुळे माझे रात्रीचे नऊ म्हणजे त्याचे दुपारचे अडीच. पुण्यात कुणालाही फोन करू नये अशी ती वेळ.

"मामा," तो जांभई आवरत म्हणाला, "सॉफ्टवेअरला काही झालेलं नाही. ते कुणावर तरी रुसलंय. कुणावर ते शोध."

मला वाटलं झोपेत बोलतोय. पण त्यानं समजावून सांगितलं ते ऐकून मी थक्क झालो, कारण जगातली कुठलीही गोष्ट समजायला मला लग्नाचा मांडव पुरतो. डिझाइनचं सॉफ्टवेअर सुरू होताना एकटं येत नाही. आधी ते दारात उभं राहून सगळ्यांची चौकशी करतं. डिफॉल्ट प्रिंटर कुठाय? त्याच्याकडून कागदाचे आकार आणि समास विचारून घ्यायचे असतात. ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर आलाय का? प्लग-इन मंडळी? मागच्या वेळी कुठली खिडकी कुठे मांडली होती, त्याची नोंद? आणि फॉन्ट, झाडून सगळे? यातला एक जरी पाहुणा आला नाही, किंवा आला पण विचारलेल्या प्रश्नाला भलतंच उत्तर देऊन बसला, की हे थोर व्याही पाटावरून उठून थेट घरी. कारण सांगण्याची पद्धत व्याह्यांमध्ये नाही. ज्याला कळायचं त्याला कळतं.

मग समजुती काढण्याचं सत्र सुरू झालं. पहिला मान प्रिंटरचा. विंडोजला मोकळीक दिली तर आपण शेवटी ज्यावर छापलं तोच प्रिंटर ते डिफॉल्ट करून ठेवतं, मग तो प्रिंटर ऑफिसात असो नाहीतर मित्राच्या घरी. ती मोकळीक काढली आणि कागदच नसलेला, नुसती पीडीएफ काढणारा प्रिंटर गादीवर बसवला. व्याही ढिम्म. मग मागच्या मांडणीची नोंद पुसून टाकायची. यासाठी प्रत्येक घराण्याची मुद्रा वेगळी: फोटोशॉप सुरू होत असताना कंट्रोल, ऑल्ट, शिफ्ट एकदम दाबून धरायच्या, कोरलला एफ-एट. आमच्याला जी लागते ती दाबली. बोटं अशी ताणली गेली की बायकोला वाटलं, मी पेटी शिकायला लागलो. तरीही नाही.

भाच्यानं इव्हेंट व्ह्यूअर उघडायला लावला. विंडोजच्या पोटातली ही दैनंदिनी कुणी सहसा वाचत नाही, आणि तिला त्याचं काही वाटत नाही; ती लिहीत राहते. तिथे आमच्या प्रत्येक प्रयत्नाची नोंद मिनिट-सेकंदासह होती. कोड: शून्य, एक्स, सी, मग शून्यांची लांबच लांब रांग आणि टोकाला पाच. म्हणजे प्रोग्रॅमनं मेमरीत आपली नसलेल्या जागी पाय टाकला. दोषी म्हणून नाव छापलेलं एनटीडीएलएल या फाईलचं. मी तिच्यावर तुटून पडणार, तेवढ्यात भाचा ओरडला, "तिला हात लावू नकोस मामा, ती गरीब आहे!" विंडोजवरच्या प्रत्येक प्रोग्रॅमला तिच्या अंगणातून जावंच लागतं, म्हणून जो कुणी पडतो तो पुष्कळदा तिच्याच अंगणात पडतो. दैनंदिनी तिचं नाव लिहून मोकळी होते.

राहिले फॉन्ट. इथे माझ्या पोटात गोळा आला, कारण मराठी डिझाइन करणाऱ्याकडे फॉन्ट किती, याचं उत्तर तो बायकोलाही देत नाही. पुण्याहून पेनड्राइव्हवर आलेले, कुणी सीडीवर दिलेले, एका दिवाळी अंकासाठी घेतलेले. पण शोधायची रीत सोपी निघाली. निम्मे बाहेर काढायचे. चालू झालं, तर गुन्हेगार बाहेरच्यांत. नाही झालं, तर आतल्यांत. मग त्यातले निम्मे. अशानं हजार फॉन्ट असले तरी दहा फेऱ्यांत एकच उरतो. पंचांनी आपल्या गावकीत ही रीत आणली असती तर कित्येक भावकीचे दावे आजोबांच्या हयातीत मिटले असते. अर्थात, गाव निम्मं रिकामं करावं लागलं असतं ते सोडा.

उरला तो एक फॉन्ट पाहून मी पाणी प्यायलो. तो मंडळाचा फॉन्ट होता. 'गणपती बाप्पा मोरया' ज्या गुबगुबीत, शेंड्याला किंचित वळलेल्या अक्षरांत पहिल्या वर्षापासून लिहिलं जातं, तो. युनिकोड आपल्या घरोघरी पोचण्यापूर्वीचा. त्या काळी इंग्रजी अक्षरांच्या दोनशे छप्पन्न खणांत मराठी बसवायची होती. एवढी जोडाक्षरं तिथे मावणार कुठली? म्हणून अक्षरांचे तुकडे केलेले: अर्धा ग एका खणात, काना दुसऱ्यात, रफार आणखी कुठे. ऑपरेटर मॅटर टाकताना ते तुकडे जुळवायचा, रफार आठवणीनं शेवटी ठेवायचा, आणि वाचणाऱ्याला काही पत्ता लागायचा नाही. हा फॉन्ट इतक्या हातांतून गेलेला, इतक्यांदा एका जातीतून दुसऱ्या जातीत रूपांतरित झालेला, की आतल्या तक्त्यात अक्षरांची एक संख्या लिहिलेली आणि प्रत्यक्षात निघत होती दुसरीच. सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती त्याचं नुसतं नाव विचारून आत घ्यायची. नवी आवृत्ती यादीत प्रत्येकाचं चित्र दाखवायचं म्हणून सुरुवातीलाच त्याची संपूर्ण कुंडली मागू लागली. पाय जो आपला नसलेल्या जागी पडला, तो इथे.

सेक्रेटरींना विचारलं, यंदा दुसरा फॉन्ट चालेल का? युनिकोडमध्ये आता सुंदर अक्षरं आहेत, फुकट आहेत.

"अहो, मग लोकांना आपला गणपती कसा कळणार?" ते म्हणाले. आमचा गणपती बसतो त्या सभागृहात दुसरा गणपती नसतो, हे मी त्यांच्या लक्षात आणून दिलं नाही.

यावर तोड भाच्यानंच काढली. तंटेखोर पाहुण्याला मुहूर्ताला बोलवायचंच नाही. व्याही आत येऊन, स्थिरावून, पन्हं पिऊन झालं की मग मागच्या दारानं आणायचा. म्हणजे तो फॉन्ट काढून टाकायचा, सॉफ्टवेअर सुरू करायचं, आणि ते चालू असतानाच फॉन्ट परत टाकायचा. चौकशी होऊन गेलेली असते, कुंडली मागणारं कुणी नसतं. पटकन मथळा लिहायचा, सगळी अक्षरं कर्व्ह करायची, आणि सॉफ्टवेअर बंद होण्याआधी पाहुण्याला हातात नारळ देऊन रवाना करायचं.

तसंच केलं. एकदा कर्व्ह झालं की अक्षर हे अक्षर राहत नाही, नुसती रेषांनी आखलेली आकृती होते. तिला फॉन्ट लागत नाही. फिजीच्या भाईंनी गुरुवारीच फाईल उघडून पाहिली, गणपतीला नमस्कार केला आणि निळा थोडा कमी करायला सांगितलं.

शुक्रवारी सकाळी सेक्रेटरींचा फोन. अध्यक्षांच्या आडनावावरचा रफार राहिलाय. मॅटर त्यांनीच पाठवलेलं, पण अध्यक्ष दुखावले होते. कर्व्ह केलेल्या मॅटरमध्ये अक्षर टाइप करून घालता येत नाही, आणि तो पाहुणा पुन्हा मागच्या दारानं आणायचा माझ्या अंगात जोर नव्हता. वरच्या मथळ्यात 'सांस्कृतिक कार्यक्रम' असे शब्द होते. त्यातला रफार उचलला, एक प्रत काढली आणि अध्यक्षांच्या डोक्यावर नेऊन ठेवली. मथळा जाड अक्षरांतला, त्यामुळे रफार जरा भारदस्त पडला. फाईल बारा वाजता गेली.

आरतीच्या दिवशी अध्यक्ष बॅनरखाली बराच वेळ उभे होते. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "यंदा नाव चांगलं उठून दिसतंय हो. उपाध्यक्षांचं मात्र पूर्वीसारखंच ठेवा."