संपवाले

जालन्यात कुणी "आमच्या घरी संप आहे" म्हणालं, की ऐकणारा आधी विचारतो, कोणत्या खात्याचा? आमच्या गल्लीतल्या संपवाल्यांचा संप मात्र चोवीस तास चालू असतो आणि त्याच्या मागण्या रोज वाढतात. हा संप म्हणजे माशांच्या टाकीखाली दडवलेली दुसरी टाकी. वरचं पाणी तिच्यात उतरतं, गाळून निघतं आणि मोटारीनं परत वर चढतं. ज्या गावात नळाची वाट बघण्यात दिवसच्या दिवस जातात, तिथं हा गृहस्थ तेच पाणी वरखाली करत बसतो.

चहा यायच्या आत ते कागद पुढं ओढतात. "उतरतं पाणी म्हणजे घाणेवाडीचा तलाव. निजामाच्या काळापासून उतारानं येतंय, मोटार नको. चढतं पाणी म्हणजे जायकवाडी. इथं बिल येतं." एवढंच काय ते आपल्याला कळतं. पुढं आकडे. टाकी 255 लिटरची. तासाला 5 फेरे, म्हणजे पावणेतेराशे लिटर. पंपाच्या खोक्यावर 3000 लिहिलंय, पण ते पाणी चढवायचं नसेल तेव्हाचं. दीड मीटर चढवलं की निम्मं. त्यात पाइप अर्ध्या इंचाचा घातला की आणखी घट. तेच पाणी 1 इंची पाइपातून नेलं तर घर्षण तिसाव्या हिश्श्यावर. एल्बो 90 अंशाचा नको, 45 चे दोन हवेत. हल्ली ते गल्लीच्या कोपऱ्यावरही काटकोनात वळत नाहीत.

बदनापूरहून आलेल्या मेव्हण्यानं हे सगळं शांतपणे ऐकलं. त्याची मोसंबीची बाग. "दाजी, हे तर आपल्या विहिरीवरचंच हाय की! मोटार दीड इंची अन् पाइप एक इंची घातला तर पाणी यील का?" संपवाल्यांना हा विज्ञानाचा अपमान वाटला.

तेवढ्यात लाइट गेली. वर येणाऱ्या पाइपाचं तोंड टाकीत 4 इंच बुडालेलं. मोटार थांबताच पाणी त्याच वाटेनं उलटं निघालं. 4 फूट बाय दीड फूट, 4 इंच. हिशोबानं 56 लिटर. खालच्या टाकीत तेवढी जागा कुठली? बैठकीत पूर आला. वहिनींनी आधी बादल्या लावल्या, मग तोंड सोडलं. मेव्हण्यानं खिळा तापवला आणि पाण्याच्या पातळीच्या जरासं खाली पाइपाला भोक पाडलं. पाणी तिथवर उतरलं, पाइपानं हवा घेतली, धार तुटली.

दुसऱ्या दिवसापासून गल्लीत त्या भोकाचा शोध संपवाल्यांच्या नावावर आहे.

परवा एका वास्तुशांतीला ते गच्चीवर गेले आणि गंभीर चेहऱ्यानं खाली आले. "तीन ठिकाणी नव्वद आहे," ते यजमानांच्या कानात म्हणाले. यजमान घाबरून गुरुजींकडे धावले, याची वेगळी शांत करावी लागेल का ते विचारायला.