लेखाचे दात मोजून घ्या

माझ्या लातूरच्या भाच्यानं ऑनलाइन तूरडाळ विकायला काढली आहे. इंजिनिअर झाला, पुण्यात दोन वर्षं नोकरी केली, परत आला आणि आता माडीवर बसून पाकिटं भरतो. गेल्या आठवड्यात त्यानं मला नांदेडला एक लेख धाडला. "मामा, तुम्ही पेपरात लिहिताव, जरा नजर मारा की."

नजर मारली. पहिलं वाक्य : 'आजच्या धावपळीच्या युगात आरोग्याकडे लक्ष देणे ही काळाची गरज बनली आहे.' पुढं प्रथिनं, मग भारतीय संस्कृती, आणि शेवटी 'चला तर मग, आजच ऑर्डर करा!' 'लातूर तूरडाळ ऑनलाइन' हे तीन शब्द मी पेन्सिलीनं मोजले. एकतीस वेळा. एके ठिकाणी तर 'लातूर तूरडाळ ऑनलाइन खाल्ल्याने मन प्रसन्न राहते' असं होतं. डाळ काढून तिथं गादी घातली असती, तरी सगळा लेख तसाच चालला असता.

फोन लावला. "अरे, हे गिऱ्हाइकानं वाचायचं कसं?"

"गिऱ्हाईक कुठं वाचायलंय मामा! हे गूगलसाठी लिहायलोय."

म्हणजे डाळ खायची गिऱ्हाइकानं आणि लेख खायचा गूगलनं. हत्तीचे खायचे दात वेगळे, दाखवायचे वेगळे, हे ऐकून होतो. डाळीचंही तसंच असतं, हे नवीन कळलं.

बरं, ज्या गूगलला गंडवायचं, त्याला ही युक्ती पाठ आहे. एक काळ होता, परदेशात असल्या लेखांचे कारखानेच चालत. एकच मजकूर दहा ठिकाणी फिरवायचा, शब्दांची पेरणी करायची, खाली दुकानाचा पत्ता चिकटवायचा. २०११च्या फेब्रुवारीत गूगलनं 'पांडा' नावाचा बदल केला आणि त्या कारखान्यांचं दिवाळं वाजलं. डिसेंबर २०२२ मध्ये गूगलनं शोधनिकाल तपासणाऱ्यांच्या नियमावलीत आणखी एक कसोटी घातली : अनुभव. लिहिणाऱ्यानं ती वस्तू स्वतः हाताळली आहे का? ही अक्कल यायला एवढ्या मोठ्या कंपनीला २०२२ साल उजाडावं लागलं. आमच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, हमालसुद्धा मूठभर डाळ तळहातावर घेतल्याशिवाय मत देत नाही.

भाच्याला म्हटलं, लेख लिहायचा क्लास लावू नकोस, जनावरांच्या बाजारात जा. मार्गशीर्षात माळेगावच्या यात्रेला ये, लोहा तालुक्यात, खंडोबाचं दर्शनही होईल. तिथं 'सर्वोत्तम बैल, विश्वासाचं दुसरं नाव' असं कुणी म्हणतं का बघ. देवणी जातीचं जनावर असेल तर विकणारा सांगतो, वानेरा आहे, बालंक्या आहे की शेवरा. शेवरा म्हटलं की पांढऱ्या अंगावरचे काळे ठिपके डोळ्यांपुढं उभे. वानेरा म्हटलं की तोंडाची काळी बाजू दिसलीच. एका शब्दात अख्खं जनावर! त्यावर गिऱ्हाईक काय करतं? जबडा उघडून दात मोजतं. दोनदाती, चारदाती, की जुळलेलं? विकणाराही जबडा धरून देतो, कारण झाकलं तर सौदाच मोडतो. लेखाचंही तेच. वाचणाऱ्याला जबडा उघडून दात मोजता आले पाहिजेत.

कापडालाही असे दात असतात. नांदेडची मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती तिरंगा तयार करते. ध्वजसंहितेत त्याची नऊ मापं ठरलेली आहेत, ६३०० बाय ४२०० मिलिमीटरपासून १५० बाय १०० पर्यंत, प्रमाण ३:२. ज्या कापडाला अख्खा देश सलाम ठोकतो, ते मापावर ओळखलं जातं. आणि आमच्या अर्धा किलोच्या पाकिटाला अकरा विशेषणं.

आता डाळीचे दात कोणते? तूर कुठल्या गावची, कुठल्या वाणाची? बदनापूरच्या संशोधन केंद्राची बीडीएन-७११, म्हणजे पांढरी, की ७१६, म्हणजे लाल? कोणत्या महिन्यात निघाली? तेल लावून उन्हात किती वाळवली, पॉलिश केली की नाही? अन्नसुरक्षा परवान्याचा चौदा आकडी नंबर कुठं आहे? एवढं लिहिलं की लेख निम्मा झाला. भाच्याच्या लेखात यातलं एकही नव्हतं. होता तो 'निसर्गाचा अनमोल ठेवा'.

आणि जे होतं, त्यातलं काही नसतं तर बरं झालं असतं. एका ओळीत त्यानं 'अस्सल बोरसुरी' ठोकून दिलं होतं. निलंगा तालुक्यातल्या बोरसुरीच्या डाळीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ते नाव वापरायला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते. "तुझी डाळ कुठली?" "मोंढ्यातली." "मग मोंढा लिही की!"

खाली एक अभिप्राय : 'अप्रतिम डाळ! पुन्हा पुन्हा मागवणार. – एक समाधानी ग्राहक, पुणे.' भाषा ओळखीची वाटली. खोदून विचारलं तर कळलं, समाधानी ग्राहक म्हणजे माझी सख्खी बहीण, त्याची आई. मुक्काम औसा रोड, लातूर. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत विक्रेत्यानं ग्राहकाचं सोंग घेऊन अभिप्राय लिहायला बंदी आहे, हे सांगितल्यावर पोरगं जरा गप्प झालं. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दहा लाखांपर्यंत दंड आहे, म्हटल्यावर पूर्णच गप्प.

त्याचा एकट्याचा तरी काय दोष? जाहिरात म्हणजे काय, हे तो ज्या गावात शिकला, ते क्लासांच्या 'लातूर पॅटर्न'चं गाव. लातूर काय नि नांदेड काय, चौकाचौकात क्लासच्या फलकांवर गुणवंतांचे फोटो मोजतच पोरं मोठी होतात. १३ नोव्हेंबर २०२४ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं क्लासवाल्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. निवडीची हमी द्यायची नाही. पोराचा फोटो त्याची लेखी परवानगी घेऊनच, तीही निकालानंतर. आणि त्यानं नेमका कोणता कोर्स केला, किती दिवसांचा, हे फोटोजवळ छापायचं. म्हणजे तेच, जबडा उघडा, दात दाखवा. वर्षभर घासलेला विद्यार्थी कोणता आणि नुसता मुलाखतीच्या तयारीला येऊन गेलेला कोणता, हे बापाला कळू द्या.

शेवटी मी एकच काम सांगितलं. "फोनवर गिऱ्हाईक काय विचारतं, ते आठ दिवस वहीत लिही." तो म्हणाला, फोन तर आईच घेते.

वही आक्काकडं गेली. आठ दिवसांनी पानं आली. 'बोअरच्या पाण्यात शिजते का? – शिजते, पण क्षाराचं पाणी असेल तर एक-दोन शिट्ट्या जास्त लागतात. आधी अर्धा तास भिजवा.' 'पिवळीजर्द का नाही? – पॉलिश नाही म्हणून.' 'कीड लागंल का? – लागंल. उन्हाळ्यात एकदा ऊन दाखवा, नाहीतर कमीच मागवा.' 'वरणाला बरी का आमटीला? – वरणाला. आमटीला घट्ट होते, पाणी वाढवा.' त्यात एक विशेषण नाही. मालाची खोडही सांगितलेली, आणि खोड सांगणाऱ्याच्या गुणावर माणूस विश्वास ठेवतो.

"हाच तुझा लेख," मी भाच्याला म्हटलं. "फक्त शुद्धलेखन बघ. 'लागंल'ला हात लावू नकोस."

त्यानं लेख चढवला, समाधानी ग्राहक उतरवला. संध्याकाळी आक्काचा फोन.

"पुण्याची बाई म्हणून फुकट राबवलंत. आता सगळं मीच सांगितलंय, तर खाली माझं नाव घालायला काय होतंय?"